खोली क्रमांक चौदा, एक जुलैपर्यंत

मी, व्हर्जिल क्नॉप, वय अठ्ठ्याहत्तर, व्हिएतनामात सैन्याच्या गाड्या दुरुस्त करणारा आणि पुढे चाळीस वर्षं टॅनर काउंटीतल्या पवनचक्क्यांवर चढणारा, सध्या मुक्काम राज्य सैनिक निवास, विलो फोर्क, खोली क्रमांक चौदा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाचं सांगवत नाही. डॉक्टर म्हणतात, काही आठवडे. मला साडेसात हवे आहेत. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. पवनचक्कीची सगळी हत्यारं ग्वाडालुपे आरेओला हिला द्यावीत. अकरा वर्षं ती माझ्याबरोबर काम करत होती आणि शेवटी शेवटी माझ्यापेक्षा भराभर चढायची. मोठ्या पान्याचा दांडा वाकडा आहे. तो मी मुद्दाम वाकवलाय, सरळ करू नये.

कलम २. पुतण्या रसेल याला माझा जुना ट्रक. त्यापलीकडे एक खिळाही नाही. फेब्रुवारीत तो माझ्या खाटेच्या पायाशी उभा राहून माझ्या बायकोला, लव्हॉनला, म्हणाला, "काकू, काळजी करू नका. काकांच्या मागे तुमच्यासाठी शहरात एक छान जागा बघून ठेवलीय." शहर इथून एकशे चाळीस मैल. लव्हॉन नऊ वर्षांपासून आंधळी आहे. इथल्या कॉरिडॉरचा कठडा तिच्या हाताला पाठ आहे. आठ दारं ओलांडली की जेवणघर. तिथे तिला कोण शिकवणार?

कलम ३. माझी खरी इस्टेट म्हणजे ही खोली, आणि ती मला कोणाला देता येत नाही. नियम असा आहे की निवासात नवराबायको एकत्र राहू शकतात, पण सैनिक मेला की जोडीदाराने तीस दिवसांत खोली सोडायची. गेल्या हिवाळ्यात समोरचा क्लीटस गेला. तिसाव्या दिवशी त्याची इर्मा खोकी घेऊन बाहेर पडली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिचं बरोबरच होतं, कारण हा नियम मी आणवला.

बावीस वर्षांपूर्वी विधिमंडळाच्या समितीसमोर मी साक्ष दिली होती. माझे शब्द दप्तरी आहेत: "गणवेश ज्याने घातला, खाट त्याची. बायकांना सैन्याने बोलावलं नव्हतं." टाळ्या पडल्या. लव्हॉन निळा कोट घालून मागे बसली होती; राजधानीपर्यंत गाडी तिनेच चालवली होती. परतताना ती एवढंच म्हणाली, "छान बोललास. पण तू व्हिएतनामात होतास तेव्हा मी तेरा महिने रोज पत्रपेटीपाशी उभी राहायचे, ते सैन्यात धरत नाहीत का?" मी हसलो होतो.

यंदा नियम बदलायचं विधेयक आलं तेव्हा मी चाकाच्या खुर्चीतून, नाकात नळी घालून त्याच समितीपुढे गेलो. अध्यक्षबाईंनी माझी जुनी साक्ष मोठ्याने वाचली आणि विचारलं, "श्री. क्नॉप, तेव्हाचे तुम्ही खरे, की आजचे?"

"तेव्हा मी स्वतःच्या पायांनी चालत आलो होतो, बाई," मी म्हणालो. "म्हणून फार शहाणा होतो."

विधेयक मंजूर झालं. पण कायदा ताबडतोब लागू करायला दोन तृतीयांश मतं लागतात आणि एक मत कमी पडलं. त्यामुळे तो एक जुलैपासून लागू. त्या दिवशी मी जिवंत असलो, तर लव्हॉनची खोली मरेपर्यंत तिची. तीस जूनला गेलो, तर तीस दिवस.

कलम ४. माझं हृदय थांबलं तर छाती दाबू नये, नळ्या घालू नयेत, असं सांगणारी जांभळी पट्टी सहा वर्षं माझ्या मनगटावर होती. सोमवारी ती मी कापली. एक जुलैपर्यंत सगळं करावं: दाबा, फासळ्या मोडा, यंत्राला जोडा. सैन्याच्या इस्पितळात मी यंत्राला जोडलेली माणसं पाहिली आहेत आणि मला त्याची फार भीती वाटते. तरीही करावं.

लव्हॉन भडकली. "एका खोलीसाठी तुला तारेवर वाळत घालायचं का?"

"साडेसात आठवडे वाळतो," मी म्हणालो.

कलम ५. मी आधीच गेलो, तर ग्वाडालुपेने कलम तीन त्याच समितीसमोर माझ्या नावानिशी वाचावं. आणि लव्हॉन, मी चुकलो. बावीस वर्षांत हे तोंडातून निघालं नाही, म्हणून इथे साक्षीदारांसमोर लिहितो.

कलम ६. उरलेलं सगळं लव्हॉनचं. नवी जांभळी पट्टी तिच्या बटणांच्या डब्यात ठेवली आहे. एक जुलैला सकाळी तिने ती स्वतःच्या हाताने माझ्या मनगटावर बांधावी.

सही: व्हर्जिल क्नॉप
साक्षीदार: डेल्बर्ट झीग्लर, खोली नऊ, अर्ल टिडवेल, खोली वीस. (डेल्बर्टला माझा रेडिओ हवा होता. साक्षीदाराला काही मिळत नाही, म्हणूनच त्याला साक्षीदार केला.)
विलो फोर्क, ९ मे २०२५

पुरवणी

मी जिवंत आहे. बारा जूनला इथल्या नर्सेसना माझी छाती दाबावी लागली, तीन फासळ्या मोडल्या, म्हणून हे ग्वाडालुपे लिहून घेते आहे.

आज सकाळी लव्हॉनने डब्यातल्या बटणांत चाचपून पट्टी काढली. मी मनगट पुढे केलं.

"कायदा लागू झाला ना?" तिने विचारलं.

"झाला."

"म्हणजे खोली आता माझी. मग माझ्या खोलीत माझं ऐक." तिने पट्टी स्वेटरच्या खिशात टाकली. "दुपारी बांधते. एक सकाळ तरी कायद्यासाठी नको, माझ्यासाठी जग."

सबब कलम सहामध्ये 'सकाळी' या शब्दाऐवजी 'दुपारी' असं वाचावं. बाकी मृत्युपत्र कायम.

सही: व्हर्जिल क्नॉप
साक्षीदार: डेल्बर्ट झीग्लर, अर्ल टिडवेल
विलो फोर्क, खोली क्रमांक चौदा, १ जुलै २०२५