टपातल्या नराचा दाखला

तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली
तमिळ आनी महिन्याचा अठ्ठाविसावा दिवस

चि. दिव्यश्रीस, अप्पाजीकाकाचे डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. (हात ऑस्ट्रेलियात होबार्टपर्यंत पोचत नाही, या कागदातून ठेवला आहे असं समज.)

तुझी अक्कलदाढ काढली का? सूज उतरेपर्यंत मऊ भातच खा. तुझ्या प्रोफेसरबाईंची कंबर कशी आहे? बर्फासारख्या ओढ्यात वाकून दिवसभर दगड उलटणाऱ्या बाईची कंबर दुखणार नाही तर काय होणार, त्यांना गरम एरंडेल चोळायला सांग, आणि वास येतो म्हणाल्या तर माझं नाव सांग. घरमालकिणीचं मांजर परत आलं का? तुझ्या नऊ नंबरच्या क्रेफिशचा तुटलेला चिमटा या कात टाकण्यात फुटला की पुढच्या खेपेला फुटणार? इकडे सरस्वतीकाकूचा गुडघा पावसाची बातमी रेडिओच्या आधी देतो. माझं बीपी गोळी घेतली की उतरतं आणि जावई आले की चढतं. आमची जननी बरी आहे. जननीचे यजमान, आमचे जावई मुरलीकृष्ण, हेही बरे आहेत, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

गेल्या दिवाळीच्या सुमारास जावईबापू चेन्नईहून आले. हातात मिठाई नाही. प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पाणी आणि पाण्यात बोटभर लांबीचा, झिंग्यासारखा एक प्राणी, दोन्ही चिमटे वर करून उभा, चौकातल्या पोलिसासारखा. शोभेचे मासे विकणाऱ्या कुणा दुकानदाराने ‘निळा लॉबस्टर, सर, थेट ऑस्ट्रेलियाचा’ म्हणून तो त्यांच्या गळ्यात मारला होता. (निळा म्हणे! आमच्याकडे आल्यापासून तो ओल्या फरशीवर कुणी रसम सांडून पुसल्यासारखा दिसतो.) ओरत्तनाडूला जावयांची भातशेती आहे, शेताला तळं आहे, तळ्याला झडप आहे आणि झडप उघडली की पाणी सरकारी कालव्यात जातं, हे तुला ठाऊक आहेच. त्या तळ्यात हे क्रेफिश वाढवायचे, मोठाल्या हॉटेलांना पुरवायचे, असा बेत. आधी हा एक सोडून पाहायचा, जगला तर शंभर मागवायचे. आपल्या घराण्यात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य, आणि जावई निघाले चिमटेवाल्यांचा व्यापार करायला! जननीने घरात घेऊ दिला नाही, तेव्हा तो आमच्या मागच्या अंगणात, कपडे भिजवायच्या टपात आला. सरस्वतीने मोठ्या मनाने पितळेचं घंगाळ काढून दिलं होतं, पण तांब्यापितळेने हे प्राणी मरतात हे तुझ्या प्रबंधात वाचलेलं मला आठवलं, म्हणून वाचला बिचारा.

हो, तुझा प्रबंध मी तीनदा वाचला. शब्दकोश मांडीवर, चष्मा नाकावर आणि सरस्वतीचं ‘ही पोर तिकडे जाऊन खेकड्यांचे पाय मोजते का?’ हे कानावर. (मी तिला सांगितलं, खेकडा वेगळा, झिंगा वेगळा, शेवंड समुद्रातली आणि हा गोड्या पाण्यातला. ती म्हणाली, ‘सगळ्यांना मीठमसाला एकच लागत असणार.’) शिकलेल्या माणसांबद्दल मला फार आदर होता, तो तुझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात संपला. मी चौतीस वर्षं रेल्वेच्या टपालात सॉर्टिंग केलं. खण एकदा ठरला की ठरला. तुमच्या लोकांचं काय चाललंय? उत्तर गोलार्धातल्या क्रेफिशांना दोन-तीन कुटुंबं, दक्षिणेतल्या सगळ्यांना मिळून एक, पॅरास्टॅसिडी, इथवर ठीक. मग त्या एका कुटुंबात पंधराएक खण. एक चाळीस वर्षं जगतो आणि त्याची बायको चौदाव्या वर्षी वयात येते. दुसरा ओढा सोडून चिखलात भुयार खणतो आणि वर मातीचं धुराडं बांधतो. आणि टास्मानियातला एक चांगला भरलेला खण तुमच्या मंडळींनी मोडला, त्याचे दोन केले, दोघांना नवी नावं दिली, आणि जुन्या नावाने आलेलं पत्र कुणी घ्यायचं हे कुणी सांगत नाही! आमच्या ऑफिसात असं कुणी केलं असतं तर त्याची बदली रामेश्वरला झाली असती. दुसरं म्हणजे, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मादागास्कर, दक्षिण अमेरिका, सगळे एके काळी चिकटून होते म्हणून सगळीकडे हे सापडतात, असं तू लिहितेस. आपला देशही त्याच गठ्ठ्यात होता ना? मग आपल्याला एकही का नाही? वाटणीच्या वेळी आपली माणसं कुठे झोपली होती?

असो. पोंगलनंतर ओरत्तनाडूत तंटा झाला. जावयांच्या बांधाला बांध लागून शेती करणारे वेंकटरमण (साठी उलटलेला, कमी बोलणारा, भला माणूस) म्हणाले, हा प्राणी बांधाला भोकं पाडेल, कालव्यात गेला तर सगळ्या गावात पसरेल, सोडू देणार नाही. गावाने त्यांची बाजू घेतली. तेव्हा जावईबापू मला म्हणाले, ‘मामा, तुम्हाला यातलं कळतं, दिव्यश्री तिकडे हेच शिकते, तुम्ही एकदा तपासून लिहून द्या. तुमचा शब्द वेंकटरमण मानतात.’ मी खुललो, खोटं कशाला सांगू? बत्तीस वर्षांची जननी अजून मला विचारून भाजी आणत नाही, आणि इथे गाव माझा शब्द मागतंय!

अंगणात ऊन आलं तेव्हा तपासणी झाली. जावयांनी टप धरला, सरस्वतीने प्राण्याला भाताच्या झाऱ्याने उचललं, मी तिकिटं पाहायचं भिंग लावलं. उत्तरेकडच्या नराच्या पोटाखाली पहिला पायजोड कडक काड्यांसारखा पुढे वळलेला असतो. दक्षिणेकडच्याला तो जोडच नसतो. मी पाहिलं. काड्या नाहीत. झालं! पिनकोडचा पहिला आकडा सहा दिसला की सॉर्टर पुढचं वाचत बसत नाही, पत्र दक्षिणेच्या खणात. (तिथे केसाएवढं बारीक काहीतरी लोंबत होतं खरं. मी ते शेवाळ समजून जुन्या टूथब्रशने घासलं, तर त्याने माझं बोट असं धरलं की जावई ओरडले, ‘मामा, हळू, त्याला लागेल!’ त्याला!) नर कशावरून, असं विचारशील. तपासणीच्या आदल्या महिन्यात त्याने कात टाकली, काढलेलं कवच तिथेच पडू दिलं, दोन दिवस कौलाखाली लपून बसला आणि बाहेर आल्यावर आपलाच सदरा खाऊन टाकला. सरस्वती म्हणाली, ‘बाप्याच आहे हा, आणखी काय बघायचं?’ मला ते पटलं.

मग मी तमिळमध्ये दाखला लिहून दिला: हा प्राणी दक्षिण गोलार्धातला आहे, नर आहे, एकटा आहे, सबब वाढणार नाही. खाली सही. वेंकटरमणांनी तो दोनदा वाचला, डोळ्यांना लावला आणि म्हणाले, ‘अप्पाजीसार लिहितात म्हणजे झालं.’ पुढच्या आडी महिन्याच्या अठराला, कावेरीची ओटी भरायच्या दिवशी, तो तळ्यात सोडायचं ठरलं. जावयांनी दाखला लॅमिनेट करून तळ्याकाठच्या पंपाच्या मोटारघरावर लावला आहे. दुकानदाराचं अज्ञान, जावयांचा उतावळेपणा आणि गावाची भीती या तिन्हींवर एका कागदाने मात केली, हे तुला कळावं म्हणून एवढं लिहिलं.

तुझा,
अप्पाजीकाका

ता.क. आनी तीस. पत्र पोस्टात टाकणार तोच सरस्वतीने हाक मारली. ‘अहो, तुमच्या बाप्याच्या पोटाला मोहरी लागलीय.’ मी पाहिलं. मोहरी नव्हे, अंडी. शेपटीखाली द्राक्षाच्या घडासारखी. घाबरण्याचं कारण नाही. मादी निघाली तरी दक्षिणेचीच, आणि आठ महिने नराचं तोंड पाहिलं नाही म्हणजे अंडी वांझ, सडून पडतील. सरस्वती मात्र माझ्याकडे ज्या नजरेने पाहते आहे त्या नजरेने चौतीस वर्षांत कुठल्या साहेबाने पाहिलं नव्हतं. जावयांना इतक्यात कळवत नाही. पत्रही अंडी पडल्यावरच टाकीन.

दुसरा ता.क. आडी चौदा. अंडी सडली नाहीत. फुटली. भिंग लावून बसलो. तुझ्या सहाव्या प्रकरणात आहे ना, दक्षिणेची पिल्लं मागच्या पायांच्या आकड्यांनी आईला धरतात आणि उत्तरेची चिमट्यांनी? ही सगळी चिमट्यांनी लटकलीत. नराशिवाय झालेल्या सगळ्या मुली, सगळ्या आईची नक्कल. म्हणजे ही तीच, जिच्याबद्दल तू लिहिलं होतंस, मूळची उत्तरेच्या कुळातली, मत्स्यालयांतून सुटलेली, मादागास्करमधल्या भातशेतांत कोट्यवधी झालेली. ते केस शेवाळ नव्हते, मादीचे बारके पाय होते. दाखल्यातलं पहिलं वाक्य खोटं, दुसरं खोटं, आणि तिसरं? मी मोजली, एकशे त्रेचाळीस.

दिव्या, आता खरं काम सांगतो. हे पत्र टपालाने पोचायचं नाही, पानांचे फोटो काढून फोनवर पाठवतो. फोन करत नाही कारण आमच्याकडे फोन सगळे मिळून ऐकतात. तू जावयांना फोन कर. आडी अठराच्या आत. सांग की प्राणी सोडू नका. पण काका चुकले असं सांगू नकोस. सांग की परवाच तिकडे सभा झाली आणि या प्राण्याचं वर्गीकरण बदललं. तुम्ही बदलताच, त्यात खोटं काही नाही. काकांनी दाखला दिला त्या दिवशी तो बरोबर होता, असं म्हण. जावयासमोर सासऱ्याचं एवढं राखशील ना? कोपऱ्यावरच्या पोराला विचारून फोटो नीट कसे पाठवायचे ते उद्या पाहतो.

तिसरा ता.क. आडी सोळा. फोन करू नकोस. काल सकाळी वेंकटरमण ओरत्तनाडूहून बसने आले, सणाच्या चित्रान्नासाठी झाडाची लिंबं घेऊन. म्हणाले, सोडायच्या वेळी सगळा गाव तळ्यावर जमणार आहे, माझ्या नातवंडांना पुढे उभं करतो, बघू दे त्यांना तुमचा प्राणी. लिंबं माझ्या ओंजळीत होती. तुझ्या सभेची थाप मीच मारून पाहिली, ‘तिकडे वर्गीकरण...’ एवढंच बोललो आणि सरस्वती स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘सांगून टाका, सार उतू चाललंय.’ तेव्हा वेंकटरमणांबरोबरच परतीच्या बसने ओरत्तनाडूला गेलो आणि मोटारघरासमोर जावई, वेंकटरमण आणि बांधावर उभी असतील तेवढी सगळी माणसं यांच्यापुढे सांगितलं की मी चुकलो. प्राणी सोडायचा नाही. आणखी मागवायचे नाहीत. ही एक जरी कालव्यात गेली असती तर थेट समुद्रापर्यंत तिच्या मुली झाल्या असत्या.

जावई पुढे झाले. दाखला काढला आणि फाडायला गेले. लॅमिनेट केलेला, फाटेना. वाकवला, परत सरळ झाला. शेवटी मीच खुणेने मागितला आणि पिशवीत घातला. तेव्हा म्हणाले, ‘मामा, फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. ऊन किती आहे.’ आणि छत्री माझ्यावर धरली. (आठ महिने मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणत होतो, ते तुला लिहिलं आहे, त्यांना दाखवू नकोस.) वेंकटरमण म्हणाले, ‘पोस्टमन चुकीच्या घरी पत्र टाकतो ते पाहिलंय. परत येऊन घेऊन जाणारा पहिल्यांदाच पाहिला.’ मी म्हटलं, पोस्टमन नव्हे, सॉर्टर. म्हणाले, ‘तेच ते.’ तेच ते नाही, पण तो वाद घालायची माझी वेळ नव्हती.

आता तू मला फक्त एक सांग. तू लिहितेस की जास्त झाले की बर्फात ठेवून त्यांना शांतपणे संपवतात. मी सरस्वतीसमोर बर्फ म्हटलं. ती म्हणाली, ‘बाळंतीण आहे ती, जीभ कशी धजते तुमची?’ आणि वाफवलेला वाटाणा चिरडून पिल्लांना घालायला गेली. सोडता येत नाहीत, मारता येत नाहीत, कुणाला देता येत नाहीत, आणि पाच-सहा महिन्यांत यातली प्रत्येक जण आई होणार. सरस्वतीला पटेल असं काहीतरी, तुझ्या प्रोफेसरबाईंना विचारून, थेट तिच्याच नावाने पत्र लिही. माझ्या नावाने नको, माझ्या शब्दाला घरात सध्या भाव नाही. आणि लवकर लिही, पोरी, पिल्लं एकमेकींना खातात म्हणून तिने त्यांची विभागणी चालवली आहे, आणि आज सकाळपासून आम्हाला आंघोळीला बादली उरलेली नाही.