पालक हजर नसल्यास

संगमनेर, १४ जून १९४८
उर्दू शाळेचे मास्तर गेले. सुट्टीला म्हणून गेले ते गेलेच. हैदराबादेहून पत्र आलं, परत येत नाही. पोस्टात डाक लावताना माझ्याच हाती लागलं. फोडलेलं होतं. हल्ली तिकडची सगळीच पत्रं फोडून येतात, आम्ही कारकून पाहून न पाहिल्यासारखं करतो. शाळेला कुलूप. आमची पोरगी मेहरुन सात वर्षांची, दिवसभर घरात. धाकटा सलीम तिला छळतो, ती मला.

१८ जून
मेहरुनला म्युनिसिपालटीच्या शाळेत घातलं. चारच दिवस झाले. पोरं विचारतात, तुझा बाप कधी जाणार? जेवताना तिनं मला विचारलं, अब्बा, आपण कुठं जाणार आहोत? तिच्यावरच ओरडलो. 

१९ जून
फादरांची शाळा पाहून आलो. स्वच्छ, शांत. भिंतीवर क्रूस. फादर विलायती माणूस, मराठी पुस्तकातली बोलतात. दोघांनाही घेतो म्हणाले. धर्माच्या तासाला आमची मुलं बाहेर बसली तरी चालेल. जागा सोमवारपर्यंतच.
झुलेखा हटून बसली. सलीमची बिस्मिल्ला झाल्याशिवाय पाटीला हात लावू देणार नाही. त्याला चार वर्षं, चार महिने, चार दिवस पुरे होतात २६ ला, पहिलं अक्षर त्याच दिवशी गिरवायचं. जागा जाईल म्हटलं तर म्हणाली, "जाऊ दे. त्याचं पहिलं अक्षर आपल्या घरचं."
 आमच्या बेगमपुढे पोस्टमास्तरसुद्धा गप्प बसेल.

२६ जून
बिस्मिल्ला झाली. बोलावले चाळीस, आले अकरा. त्यात गणपत पोस्टमन, सहकुटुंब. मौलवी घाईत. सलीमनं अक्षर छान गिरवलं. उरलेले लाडू बघून झुलेखा रडली.

२८ जून
जागा अजून होती. कुणी आलंच नाही म्हणे. फॉर्म भरला. शेवटचा रकाना: पालक हजर नसल्यास मुलांना कोणाच्या ताब्यात द्यावे. त्या माणसाची सही लागते. मेहुण्याचं नाव लिहायला घेतलं, औरंगाबादचं. फादर म्हणाले, "निजामाच्या हद्दीतलं नाव नको. गावातलं द्या."
  मुलं बसवून घेतली. रकाना सवडीनं भरा म्हणाले.

३ जुलै
गणपतला विचारलं. सोळा वर्षांची दोस्ती. लिवा की, त्यात काय, म्हणाला. सही उद्या.

९ जुलै
उद्या, परवा करत आज खरं बोलला. "इमामभाई, पोरं माझीच हायती. पन घरची भेत्यात. कागदावर नाव ऱ्हातं."
माझ्याकडे न बघता पिशवी भरत होता. राग आला, पण कुणाचा तेच कळेना. त्याच्या जागी मी असतो तर...
आणखी दोघांना विचारलं. एक बाहेरगावी चाललाय. दुसऱ्याला लिहिता येत नाही, तीस वर्षं सावकाराकडे मुनीम असून.

२१ ऑगस्ट
मोहल्ल्यात तीन घरांत पोलिसांची चौकशी. निजामाच्या हद्दीत नातलग कोण? अत्तरवाल्याला नगरला नेलं, चार दिवस झाले. पोरं मात्र मजेत. मेहरुन शाळेतलं येशूचं गाणं गुणगुणत होती. झुलेखा भाकरी थापत राहिली. जूनमध्ये घर डोक्यावर घेतलं असतं.

८ सप्टेंबर
चौकीचा निरोप. उद्या अकराला हजर. झुलेखालाही बोलावलंय, भावाची पत्रं घेऊन. दोघांना एकदम. मला भीती वाटते. हे कुणाला सांगितलेलं नाही.

९ सप्टेंबर
दोघांनी मिळून मुलांना शाळेत सोडलं. फादरांना चौकीचं सांगितलं. त्यांनी फॉर्म काढला. रकाना कोराच. म्हणाले, "माझं नाव लिहितो. आपली हरकत आहे का?"
 झुलेखा बोलली. "लिहा. पण आम्ही आलो नाही, तर माझ्या मुलांची नावं बदलू नका."
 फादर लिहायला लागले.
हे पोस्टाच्या पायरीवर लिहितोय. झुलेखा शेजारी, पत्रांचं पुडकं मांडीवर. पावणेअकरा झाले. मेहरुनला सांगून आलोय, चार वाजता घ्यायला येतो.