रशिदाचा गळा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१८ डिसेंबर १९६६

ती. नजीराआपास,

धाकटीचा सलाम. वि. वि. तुझं पत्र मिळालं आणि लोणच्याची बरणीही. झाकण सैल लावलं होतंस, त्यामुळं पार्सल तेलानं माखलेलं आलं. आणून देणारा कंडक्टर माझ्याकडं असा बघत होता की जणू मीच त्याच्या खाकी पँटवर तेल सांडलं! तरी दोन दिवसांत बरणी निम्मी केलीय.

आता खरी बातमी. पिक्चर पुरं झालं, आपा! पहिल्यांदाच हिरॉइनचं काम, आणि दोन गाणी मी स्वतः म्हटलीत. रेकॉर्डिंगला पहिल्यांदा चुकले, पण दुसऱ्या वेळी सूर असा लागला की तबलजीनंच मान डोलावली. आकाराममालकांनी, म्हणजे हे पिक्चर काढणाऱ्यांनी, सगळ्यांना पेढे वाटले. मेळ्यात आणि ऑर्केस्ट्रात चार वर्षं घसा फोडला त्याचं चीज झालं बघ.

पोस्टरवर नाव मात्र कुमुदिनी असणार. मालकांनी करार करतानाच ठेवलंय. रशिदा नदाफ नावाची हिरॉइन पब्लिकला चालत नाही म्हणे. आपले थोरले गौसभाई त्याच नावावरून पेटलेत. अब्बांचं नाव पुसलंस, आता या घराचा उंबरा चढू नकोस, असं म्हणाले त्याला दोन वर्षं झाली. मी काय हौसेनं घेतलं का गं ते नाव?

माझा जीव अम्मात अडकलाय. तिचे डोळे गेले, मांडीचं हाड मोडल्यापासून ती अंगणाबाहेर पडत नाही, आणि मला घरी यायची बंदी. मग तिनं मला ऐकायचं कधी? पण थंडी-उन्हाळ्यात मलकापुरात तंबूतला सिनेमा येतो, आणि त्याचा कर्णा आपल्या अंगणात लख्ख ऐकू येतो. माझं पिक्चर लागलं की अम्माला बाजेवर बाहेर बसव. एवढं माझं काम कर.

दुल्हेभाईंना सलाम, पोरांना पापे. तुझी माया आहे तेवढीच राहू दे, जास्त केलीस तर मी शेफारेन.

तुझी
रशिदा


मलकापूर
९ मार्च १९६७

चि. रशिदास,

नजीराआपाच्या अनेक दुवा. वि. वि. आम्ही सगळे खुशाल आहोत आणि सगळे तुझ्यावर रागावलो आहोत. का, ते वाच.

परवा तंबूत तुझं पिक्चर लागलं. आमचे हे तिकीट काढून आत बसले. मी संध्याकाळी अम्माला बाजेवर बसवलं, शेजारच्या धोंडुबाईही येऊन बसल्या. गौसभाई दुकानात गाद्या भरत होते, त्यांना मी काही सांगितलं नाही. तुझं पहिलं वाक्य कानावर आलं आणि अम्मानं माझा हात असा घट्ट धरला की बांगडीच फुटली. तू बोलत होतीस आणि ती एकटीच हसत होती. मग वाद्यं सुरू झाली. अम्मा सरळ होऊन बसली. आणि गायला लागली भलतीच बाई!

आवाज गोड होता, खोटं कशाला सांगू. मला वाटलं पिक्चरात दुसरी कुणी असेल. पण हे घरी येऊन सांगतात की पडद्यावर ओठ तूच हलवत होतीस. पुढचं गाणंही तसंच गेलं. पिक्चर संपल्यावर अम्मानं विचारलं की बोलती ती माझी लेक, मग गाती ती कोण. मी काय सांगणार, कपाळ?

आता तिच्या मनानं घेतलंय की तुझा गळा गेला. गाठबीठ झाली, डॉक्टरनं गाणं बंद केलं, आणि आम्ही सगळे मिळून तिच्यापासून लपवतोय. कालपासून रडतेय. काय असेल ते मला खरं कळव गं बाई. आजारी असलीस तर मी पोरांना धोंडुबाईंकडं टाकून निघून येते.

तुझी वाट बघणारी
आपा


मंगळवार पेठ, कोल्हापूर
१४ मार्च १९६७

ती. आपास,

सलाम. वि. वि. माझा गळा धडधाकट आहे. अम्माची शपथ.

मालकांनी माझी दोन्ही गाणी काढून टाकली आणि मुंबईच्या नावाजलेल्या बाईंकडून पुन्हा म्हणवून घेतली. त्यांच्या नावावर रेकॉर्डी खपतात. मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. पहिल्या खेळाला मी नवी साडी नेसून पुढच्या रांगेत बसले होते. पडद्यावर माझं तोंड उघडलं आणि दुसरीचाच आवाज आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मीपण वाजवल्या, काय करणार!

म्हणून तुला लिहायला हात धजला नाही. वाटलं, अम्माला ओळखू येणार नाही. मूर्खच मी.

तीन पिक्चरांचा करार आहे, आणि तोवर बाहेर कुठंही गायचं नाही असं त्यात लिहिलंय. लोकांना फरक कळू नये म्हणून. त्यामुळं मेळासुद्धा बंद. खोलीत गायले तरी घरमालकीण खिडकी लावून घ्यायला सांगते. तू अम्माला नीट समजाव, की सिनेमात असंच असतं, एक नाचते आणि दुसरी गाते. तुझं ती ऐकेल.

रागवून का होईना, पण पत्र टाकत राहा.

तुझी
रशिदा


मलकापूर
२ फेब्रुवारी १९६८

चि. रशिदास,

दुवा. वि. वि. तुझं दुसरं पिक्चर येऊन गेलं. पुन्हा बोलणं तुझं आणि गाणी त्या बाईंची. वर्षभर समजावलेलं सगळं पाण्यात गेलं.

किती तऱ्हेनं समजावलं म्हणून सांगू! एकदा तर मी अम्मासमोर उभी राहिले, ह्यांना मागं उभं करून गायला लावलं, आणि मी नुसते ओठ हलवले. पाऊण गाणं झाल्यावर ध्यानात आलं की अम्माला दिसत कुठं आहे! तिला वाटलं जावयाला वेड लागलं. धोंडुबाई हसून हसून ओट्यावर बसल्या.

मग अम्मा म्हणाली, जित्या माणसाच्या तोंडात दुसऱ्याचा गळा बसवता येत असेल तर माझ्या डोळ्यांतही कुणाचे तरी डोळे बसवून द्या.

आता हसायची गोष्ट संपली. पंधरा दिवसांपूर्वी तिनं मन्नत मागितली की रशिदाचा गळा सुटून ती माझ्या कानी गाईपर्यंत तिखटाला शिवणार नाही. तुला माहीत आहे, ठेचा नसला तर अम्मा ताटावरून उठायची. आता दुधात भाकरी कुस्करून चार घास खाते नि पुरे म्हणते. सोबत तिनं ज्येष्ठमध आणि जंगलातला मध पाठवलाय. तुला नको असला तरी घे, मी तिला घेतलास म्हणून सांगणार आहे.

काहीतरी कर बाई आता.

तुझी
आपा


मलकापूर
२० एप्रिल १९६८

रशिदास,

सलाम. मला पत्र लिवायची सवय न्हाय. अम्मा तीन म्हैनं तिखट खात न्हाय. निस्ती हाडं ऱ्हायलीत. म्या समजावलं, वरडलो, पाया पडलो, ऐकत न्हाय. तुझ्या गळ्याचं काय झालंय ते मला ठावं न्हाय. काय आसंल तसं ये आन् तिच्याम्होरं गा. नावाचं भांडण तुझं नि माझं हाय, ते तसंच ऱ्हाऊ दे. यष्टी कोल्हापुरातनं सकाळी नऊला सुटती. म्या स्टँडावर हाय.

गौस


मंगळवार पेठ, कोल्हापूर
५ जून १९६८

ती. आपास,

सलाम. वि. वि. घरून परतले त्याला महिना होऊन गेला, तरी लिहायला आज बसले. गौसभाईंनी स्टँडवर माझी पिशवी घेतली आणि घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत, पण पिशवी घेतली. अम्मानं माझा गळा बोटांनी कसा चाचपला ते तू पाहिलंस. गाणं संपल्यावर तिनं तुला ठेचा वाटायला पिटाळलं, तेव्हा आम्ही दोघीच होतो. तेव्हाचं तुला सांगायचं राहिलं.

तिनं विचारलं की गळा शाबूत आहे, तर पिक्चरात का गात नाहीस. मी सगळं सांगितलं. या वेळी तिला पटलं. ती बराच वेळ माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, आजार असता तर मी काढा करून पाजला असता, ह्याला मी काय करू? रागावलीसुद्धा नाही. रागावली असती तर बरं झालं असतं गं, मी निदान भांडले असते.

परत आल्यावर चार दिवस मला झोप नाही. शेवटी मालकांकडं गेले आणि सांगितलं की तिसऱ्या पिक्चरात माझी गाणी मी म्हणेन, नाहीतर मला मोकळी करा. ते म्हणाले की तुझ्यासारख्या शंभर पोरी दारात उभ्या आहेत. करार फाडला. इतर मालकांनाही कळवलं असणार, कारण आता स्टुडिओच्या फाटकावरचा पहारेकरीसुद्धा ओळख देत नाही.

पण तू काळजी करू नकोस. कुमुदिनी गेली, आता मी माझ्या नावानं गाते. राजारामपुरीत दोन मुलींना शिकवते आणि सांगलीच्या रेडिओला अर्ज केलाय. जेवणखाण व्यवस्थित आहे, तब्येत उत्तम आहे. अम्माला तसंच सांग.

तुझी
रशिदा


मलकापूर
१७ जुलै १९६९

चि. रशिदास,

अगणित दुवा. वि. वि. काल दुपारी साडेबाराला सांगलीवर तुझं गाणं झालं. तुझं कार्ड आल्यापासून आम्हाला दुसरं काही सुचत नव्हतं. ह्यांनी ट्रान्झिस्टर थेट गौसभाईंच्या दुकानात नेऊन ठेवला, कारण तिथं आवाज स्वच्छ येतो. अम्माला खुर्चीत बसवून उचलून नेलं. गौसभाईंनी कापसाचं पिंजण खाली ठेवलं नि गिऱ्हाइकांना गप्प बसवलं. रेडिओवरची बाई म्हणाली, गायिका रशिदा नदाफ. गौसभाईंनी तोंड कापसाच्या गठ्ठ्याकडं फिरवलं. धोंडुबाई तर रेडिओलाच ओवाळायला निघाल्या होत्या!

किती छान गायलीस गं! सगळे वाहवा करत होते. अम्मा तेवढी गप्प. मी हलवून विचारलं, आवडलं नाही का? तर म्हणते, पोरगी उपाशी हाय.

आम्ही तिला वेड्यात काढलं. पण ती हटेना. म्हणाली, लहानपणी रोजा ठेवून ही संध्याकाळी गायला बसायची, तेव्हा तिचा आवाज असाच वर बारीक व्हायचा आणि लांब ओळीत दम मधेच तुटायचा. आज तोच आवाज लागलाय. आणि आता काय रमजान न्हाय.

रशिदा, वर्षभर तुझ्या प्रत्येक पत्रात जेवणखाण व्यवस्थित असतं. मी ते जसंच्या तसं अम्माला वाचून दाखवत आले. आता मला कुणाचं खरं मानायचं ते कळेना. गौसभाई दुकानाला फळी लावून घरी गेले, पोतं भरलं आणि दोनची यष्टी पकडली. हे पत्र त्यांच्या मागोमाग टाकतेय. जेवली होतीस का? या वेळी मला खरं लिही.

तुझी
आपा


मंगळवार पेठ, कोल्हापूर
१९ जुलै १९६९

ती. आपास,

सलाम. वि. वि. गौसभाई तुझ्या पत्राआधीच पोचले. दार उघडलं तर खांद्यावर पोतं. आत येऊन एकेक डबा उघडून बघितला आणि झाकणं परत लावली. स्टोव्हमध्ये रॉकेल नव्हतं, ते घेऊन आले. मी उठले तर मला खाली बसवलं आणि स्वतः भात नि आमटी केली. भात खाली लागला, आमटीत मीठ दुप्पट. मग मला ताट वाढून समोर बसले.

तुम्हीही जेवा म्हटलं तर म्हणाले की अम्माचं सांगणं आहे, ती जेवताना डोळ्यांनी बघून ये. मला रडू फुटलं, घास उतरेना. ते भिंतीकडं तोंड करून बसून राहिले. पुन्हा वळले ते माझं ताट रिकामं झाल्यावरच. निघताना एवढंच म्हणाले, रेडिओवाल्या बाईनं नाव नीट घेतलं.

तू खरं विचारलंस. नव्हते जेवले, आपा. शिकवणीच्या दोन्ही मुली महिन्यापूर्वीच सुटल्या, आणि रेडिओच्या आधीचे दोन दिवस चहापावावर काढले. तुला खोटं लिहिलं, माफ कर.

अम्माला सांग, आता पोटभर जेवले. नाहीतर राहू दे, सांगून तिला पटायचं नाही. रविवारी नऊच्या गाडीनं येतेय. गाऊन दाखवते, तिची तीच ठरवेल.

तुझी
रशिदा