डावा हात आला नाही

प्रिय ठमे,

पत्र बघून म्हणशील, आईला हे काय खूळ. आधी सगळं वाच, मग काय ते कर.

मी झाडलोट करते त्या इथल्या कॉलेजात, जिथे तू शिकतेस तीच फिजिओथेरपी शिकवतात, नवा पुतळा आलाय. रबरी अंग, आत तारा. पोरांनी गुडघा जास्त दाबला की संगणकावर लाल दिवा लागतो. पण पुतळा कण्हत नाही, चिडत नाही, म्हणून शिकवणाऱ्या मॅडमनी मलाच पलंगावर निजवलं. डाव्या अंगावरून वारं गेलेली बाई व्हायचं आणि पोरांनी मला धरून उठवायचं. मीही त्यांना सोडत नाही. अरे मेल्या, माणूस उचलतोस की पोतं? मॅडम खूश. मी पण खूश, तेवढाच पाठीला आराम.

परवा तास संपला. मॅडम म्हणाल्या, झालं मावशी, उठा. उजवा हात टेकला, डावा आलाच नाही. माझाच हात, पण कुणीतरी बाजूला आणून ठेवल्यासारखा. म्हटलं, अहो, हात येत नाही. पोरं हसली. एक म्हणाला, मावशी, तुम्ही सिनेमातच जा. मॅडमही म्हणाल्या, पुरे आता. आणि खरं सांगू, मलाही वाटलं, रोज सोंग करून अंगाला खोड लागली असेल. जरा वेळाने बोटं हलली, मग हात वर आला. मी चादरीची घडी केली, फरशी पुसायला घेतली.

कुणाला बोलले नाही. चहाचा कप मुद्दाम डाव्या हातात धरायचा आणि बघायचं, राहतो का. रात्री डोळा लागायच्या आधी हात चाचपून बघायचा.

आत्ता कप पडला. आवाज ऐकून शेजारची काकू आली. मी सांगायला गेले तर जीभ जड, शब्द सगळे कालवलेले. तिला एक अक्षर कळेना. म्हणून तुला फोन नाही केला. ती गाडी आणायला पळालीये, उजवा हात चालतोय तोवर लिहिते. याचा फोटो ती तुला पाठवेल. दवाखान्यात मला बोलता आलं नाही तर परवाचं त्यांना कोण सांगणार? तू हे त्यांना फोनवरून वाचून दाखव. आणि ये गं. फार घाबरलेय मी.

तुझीच,
आई