पत्र येतं त्या दिवशीचं प्रेशर

बोगद्यावरून, ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस, रागासकट सा. न. वि. वि.

तर पुन्हा तेच. मी काही सांगितलं की तू म्हणणार, लांबून बोलायला काय जातं. बरं, जवळ राहून तू काय दिवे लावलेस? बाबांची साखर वाढली, प्रेशर वाढलं, रक्तात चरबी, आणि पोटाचं तर विचारूच नको. साऱ्या गल्लीच्या कमरा मोजणारा शिंपी, आणि स्वतःची विजार गुपचूप उसवून सैल करून घेतो. मागच्या खेपेला बघितलं, शिवणीत सोडलेलं जास्तीचं कापडही संपत आलं होतं.

हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव. बाबा, चहातली साखर बंद. रोज चाला. नाही ऐकलंत तर मोठ्या काकांसारखं मशिनीवरच डोकं टेकाल, मग मला सांगू नका.

माझं म्हणशील तर डोंगरात सळया बांधून कंटाळलो. फोनला रेंज नाही, तोंडात सदा धूळ. महिनाअखेरीस बंदरावर जातोय, तिथे मजुरी जास्त आहे म्हणतात. पत्ता नंतर कळवीन. लोभ आहे तेवढा टिकव, वाढव म्हणत नाही.

तुझा
भिंगरी

घरून, ता. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, कान पिळून अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं नाही. असं पहिल्यांदाच केलं, का ते ऐक. दुकानाशेजारच्या दवाखान्यात मी त्यांना प्रेशर बघायला नेते. गोळ्या वेळेवर, ताटात भाजी जास्त, चहा केव्हाच बिनसाखरेचा झालाय, संध्याकाळी चालणंही आहे. तरी आकडा मधूनच उडी मारतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेटाबॉलिक सिंड्रोम हा एकटादुकटा आजार नाही, चार भावंडांचं एकत्र कुटुंब आहे. एकाला डिवचलं की चौघं उठतात. त्या दिवशी घरात काय घडतं ते बघा. मी बघितलं. त्या दिवशी तुझं पत्र आलेलं असतं.

हसू नकोस. पत्र ऐकताना बाबा मान डोलावतात, पोराला काळजी आहे म्हणतात. मग रात्रभर जागे. मशिनीसमोर बसून बिस्किटांचा अख्खा पुडा संपवतात. तू काकांचं मरण काढायचं, वर दर खेपेला नवी नोकरी आणि पत्ता नंतर. त्यांनी तरी झोपावं कसं?

आता उपदेश पुरे. तू काय खातोस, कुणाशी भांडतोस ते लिही, आणि थेट त्यांनाच लिही. थाप मात्र मारू नकोस, खोटा टाका त्यांना लांबून दिसतो. आमच्यावर माया असेल तर एवढं कर.

तुझी
ताई

बोगद्यावरून, ता. २७ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

ताईने माझ्या उपदेशावर बंदी घातलीय, म्हणून हात आवरून लिहितोय. इथला आचारी आमच्यात सगळ्यात जाडा. त्यालाही तुमचंच चार भावंडांचं दुखणं निघालं. तेव्हापासून सगळ्यांच्याच जेवणातलं तेल कमी झालं, पोरं त्याच्या नावाने बोटं मोडतात. जेवल्यावर तो बोगद्याच्या तयार झालेल्या भागात चालायला जातो, आत गार असतं. अंधाराला भितो म्हणून मला ओढून नेतो आणि वाटेत दोन्ही सुनांची गाऱ्हाणी सांगतो. त्यानंतर मला झोप मात्र झकास लागते.

सळया सोडून वेल्डिंग शिकायला लागलोय. मिस्त्री डावखुरा, त्यामुळे तो दाखवतो ते सगळं मला आरशातल्यासारखं उलटं दिसतं. माझा पहिला जोड त्याने नुसत्या हाताने मोडला आणि म्हणाला, शिंप्याच्या पोराने टाका तरी सरळ घालावा. बंदराचं अजून ठरलेलं नाही. ठरलं तर आधी तुम्हाला कळवीन, मग सामान बांधीन. आशीर्वाद असू द्या.

आपला
भिंगरी

दुकानातून, ता. ११ मार्च

चि. भिंगरीस पोटभर आशीर्वाद.

पत्र मी स्वतः वाचलं, एकावर एक दोन चष्मे लावून. ताईने मला तसंच उचलून दवाखान्यात नेलं, जसा काही मी चोर. नर्सला उतरलेला आकडा पटेना, तिने दंडाला पट्टा पुन्हा बांधला. औषध बदललं का म्हणाली. ताई म्हणाली, औषध तेच आहे, पत्र बदललंय.

एवढ्याने बरा झालो असं समजू नकोस, साखर अजून हटून बसलीय. पण रात्री झोपतो, आणि झोपलं की बिस्किटं आठवत नाहीत. चालायला समोरचा कुलूपवाला सोबतीला असतो. त्याला जावयाबद्दल बोलायचं असतं, मला ऐकायचं असतं.

माझ्यासाठी तिथे अडकू नकोस. तुझ्या जाण्याची मला भीती नाही. कुठे आहेस ते कळत नाही, त्याची आहे. जिथे असशील तिथून आठवण ठेव.

तुझा
बाप

बोगद्यावरून, ता. २४ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

काल बंदराचा ट्रक आला. आमच्या खोलीतली तिघं चढली, मुकादमाने मलाही हाक मारली. मी नाही म्हणालो. बोगदा पलीकडे निघेपर्यंत इथेच आहे. हे तुमच्यासाठी केलं असं ताईला वाटू देऊ नका, मला कायम ऐकवत बसेल. डावखुऱ्याचा हात आत्ता कुठे मला कळायला लागलाय. परवाचा जोड त्याने मोडायला घेतला, मोडला नाही. पुढचा तुकडा माझ्याकडे सरकवला.

शिकाऊ आहे तोवर मजुरी कमीच मिळणार. तेवढं सांभाळून घ्या, आणि माया कमी करू नका. पत्ता तोच आहे. या महिन्याचे पैसे पाठवतोय, तीनच हजार.

आपला
भिंगरी