एफएसबी दोनशेवरच ठेवला असता तर

३ फेब्रु., मंगळ.
शैलाचा फोन, लोधिवलीहून. आमची लेक सोनी वारली त्याला दीड वर्ष झालं, तेव्हापासून बायको तिथं माहेरीच. म्हणाली, "अवो, रविवारी दादाचा टेंपो घेऊन येते. घरचा कॉम्प्युटर मला द्या. पोरीचे व्हिडिओ त्यातच हायत. पण अडकतात वो. हसते नि मधीच थांबते. नीट करून ठेवा."
जेवलात का, हे काही विचारलं नाही.

५ फेब्रु., गुरु.
कशेळ्यातली सगळी कॉम्प्युटरची मशीनं मी माझ्या दुकानात दुरुस्त करतो, घरचं तेवढं जुनाट. प्रोसेसर बरा आहे, पण मेमरीतून त्याच्यापर्यंत माल येतो तो एफएसबीच्या, म्हणजे त्या दोघांमधल्या रस्त्याच्या, वेगानं. दोनशे मेगाहर्ट्झवर होता. प्रोसेसर बिचारा नुसता वाट बघत बसतो. २३३ केला. मेमरी पळाली, प्रोसेसरही वर गेला. लग्नाची सीडी लावली, कुठं अडकली नाही! एकटाच हसलो येड्यासारखा. दिवसभर चालू ठेवलं.
सोनीचा फोल्डर नाही उघडला. उद्या बघू.

६ फेब्रु., शुक्र.
गेलं. सगळं गेलं.
विंडोज उठेना. ह्या जुन्या बोर्डात एफएसबी वाढवला की हार्डडिस्कचा कंट्रोलरही त्याच्यामागं जास्त वेगानं ओढला जातो, त्याचा वेग बांधून ठेवणारा लॉक नसतो. डिस्कवर दिवसभर कचरा लिहिला गेला. मला माहीत नव्हतं? होतं की! गिऱ्हाइकांना मीच सांगतो. परत दोनशेवर आणलं. आता काय उपयोग, मायला.
कॉपी नाही. पेनड्राइव्ह तीनदा हातात घेतला होता. कॉपी लावली की एकेका व्हिडिओचं नाव सरकतं, शैलानं टाइप केलेलं. 'सोनी बालवाडी पहिला दिवस'. नाही झालं माझ्याच्यानं.

७ फेब्रु., शनि.
रिकव्हरी लावली. एकेचाळीस फायलींमधली एक आली. चित्र नाही, अकरा सेकंद आवाज. "पप्पा, माजा बूट कुठाय?"
दुकानामागं जाऊन रडलो. शैलाला फोन लावला, कट केला. कुठल्या तोंडानं सांगू?

८ फेब्रु., रवि.
आली. दादा टेंपोतच बसला. सगळं सांगितलं, एफएसबीपासून. आवाज तीनदा ऐकला. मग म्हणाली,
"कॉपी का नाय काढली?"
"मला ती नावं वाचवत नव्हती गं."
"मला बोलवायचं. मी केली असती. तुमी नुसतं बाजूला बसायचं."
दीड वर्षात हे मला एकदाही सुचलं नाही.
मशीन नेलं नाही तिनं. पाणी प्यायली नि गेली. परत येशील का, विचारायचं राहिलं.