शेजारच्या नंबरची फाइल

ता. १४, गुरुवार, दुपार

लांबे,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. माझे गुडघे सोडून. तू लेकाकडे मजेत असशील. सून वेळेवर जेवायला देते ना? देत नसेल तर कळव, मी येऊन भांडते.

आधी आनंदाची बातमी. माझी नात आपल्या शर्टाच्या कारखान्यात लागली! आपल्यासारखी मशीनवर नाही हं, वर ऑफिसात, पंख्याखाली. सगळ्या कामगारांच्या फायली तिच्या ताब्यात. कोण कधी लागलं, कोणाला काय दुखणं, कोणाला कशाबद्दल झापलं, सगळं तिच्या कपाटात. गळ्यात किल्ली अडकवून जाते, म्हणून मी अख्ख्या गल्लीला सांगितलं, बघा, केवढी जबाबदारी! तर म्हणते, "आजी, ही सायकलची आहे. कपाटाची किल्ली ऑफिसाबाहेर न्यायची नसते." आता गल्लीला परत कोण सांगत बसणार.

जुन्या फायली म्हणे गोदामात पोत्यांत कोंबल्या होत्या, उंदरांनी कोपरे खाल्लेले. पोरीने एकेक झटकून लावली. दुखण्याखुपण्याचे कागद त्याच फायलीत, पण बंद पाकिटात. फाइल कोणी नेली तर त्या जागी कार्ड, नेणाऱ्याची सही. आणि पाठीवर कोणाचं नाव नाही, फक्त नंबर. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचू नये म्हणून.

परवा डबा विसरली, तो द्यायला मी गेले. तर दारातच अडवलं मला.

"आजी, बाहेर थांब."

"अगं, तुझे लंगोट बदललेत मी!"

"म्हणूनच थांब. आत आलीस तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळेल."

थांबले. पण दाराला काच आहे, आणि माझ्या गुडघ्यांना काही झालं असलं तरी डोळे शाबूत आहेत. लांबे, नंबर म्हणजे आपल्या गेटवरच्या बिल्ल्याचेच गं! आपण दोघी एकाच दिवशी लागलो, माझ्या पाठोपाठ तुझा नंबर. तशाच शेजारी शेजारी उभ्या होत्या दोन्ही फायली. माझी वाळक्या पानासारखी. तुझी उशीएवढी, नाडी बांधूनही कागद बाहेर डोकावतायत.

खरं सांगते, माझ्या पोटात जे काही पेटलं ते अजून विझलेलं नाही. तू सुपरवायझर झालीस तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या, हात लाल होईपर्यंत. पण माझी काजं तुझ्यापेक्षा सरळ यायची, हे तुलाही माहीत आहे. म्हटलं, काय काय लिहिलं असेल साहेबांनी हिच्याबद्दल, पानंच्या पानं! आणि माझ्याबद्दल लिहायला कोणाला चार ओळी सुचू नयेत?

रात्री जेवताना पोरीला तुझा नंबर सांगून विचारलं, यात काय आहे गं एवढं? तिने घास खाली ठेवला. "उद्या त्यांची नात येऊन तुझी फाइल मागेल. देऊ?"

"माझ्यात आहे काय देण्यासारखं?"

"फाइल काय कौतुकानेच जाड होते? रजेचे अर्ज असतात, दवाखान्याचे कागद असतात. मी कोणा एकीबद्दल बोलत नाहीये. आणि पुन्हा विचारू नकोस." दुसऱ्या दिवशी दाराच्या काचेवर कागद चिकटवला. माझ्यामुळे!

रागाने मी भांडी आपटत घासली. घासता घासता तुझ्या बाह्या आठवल्या. भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत. मला वाटायचं, सुपरवायझरीणबाईंचा रुबाब. तू कागद घेऊन वर जायचीस, तोंड धुऊन खाली यायचीस. मला वाटायचं, वर हिला चहा मिळतो. मशीनवर बसून जळायचे मी तुझ्यावर.

लांबे, तुझा नवरा मारायचा का गं तुला?

नसेल तर दे मला चार शिव्या, पोस्टाचा खर्च मी देते. पण असेल, तर तू ते साहेबांना सांगितलंस, डॉक्टरला सांगितलंस, त्या उंदरांनी खाल्लेल्या पोत्याला सांगितलंस. आणि हाताएवढ्या अंतरावर बसलेल्या मला नाही? सुपरवायझरीचं जाऊ दे, ती तुला लखलाभ. हे मात्र मला सोसवत नाही. त्या कागदांचा हेवा वाटतो मला.

नात म्हणते, ज्याची फाइल त्याने अर्ज दिला तर समोर बसवून दाखवतात. मी म्हणते, फाइल राहू दे कपाटात. तू ये. माझ्या खोलीत ये, दार लावू, तू सांग, मी ऐकते. गल्लीला कळणार नाही. माझ्या तोंडाची खात्री नसेल तर नातीला विचार... नको, तिला नको विचारूस.

नुसतीच ये.

त्या कागदांच्या आधी जिला सांगायला हवं होतंस, ती तुझी
बुटकी